फॉर्म भरणाऱ्यांची हुशारी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात होती. वय वर्षे तीन ते आठच्या मुलांची ‘मोफत गिफ्टेड चाचणी’, म्हणजे मूल असामान्य हुशार आहे का ते बघायची, शिवाय ‘परदेशी शाळांच्या गिफ्टेड प्रोग्रामची तयारी’, जागा मर्यादित. जाहिरात छापल्याबद्दल तुमच्याशी भांडायला हे पत्र नाही. पेपर कशावर चालतो हे आयुष्यभर पेपर विकत घेणाऱ्या माणसाला कळतं. पण त्या चाचणीला मी नातीबरोबर जाऊन आले, आणि बालवाडीत हयात घालवलेल्या बाईला ते बघून गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते आहे. जागेअभावी कात्री लावलीत तरी चालेल, फक्त शेवटचा, पाचवीतल्या मुलांच्या सरकारी परीक्षेच्या फॉर्मचा भाग कापू नका.

जाहिरात आमच्या सूनबाईंनी कापून फ्रिजवर लावली होती. नात साडेचार वर्षांची. ‘मोफतच आहे, बघून तर येऊ’ म्हणत आम्ही तिघी बडोद्यातल्या ओल्ड पादरा रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. बाहेर खुर्च्यांवर आया, दोन-चार बाप आणि माझ्यासारखी एखादी आजी. आत एसी, भिंतीवर आइन्स्टाइन, कोपऱ्यात काचेच्या टाकीत मासे. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘काउन्सेलर’. तिने नातीला समोर बसवून इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. नात घरात मराठी बोलते, खाली खेळायला गेली की गुजराती. इंग्रजी तिच्या लेखी मोबाइलमधल्या बाहुल्या बोलतात ती भाषा. मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं, मराठी येत नसेल तर निदान गुजरातीत विचारा. मुलगी भली होती, तिने लगेच विचारलं, ‘पेन्सिल शेना काममां आवे?’ म्हणजे पेन्सिल कशाच्या कामी येते?

नात म्हणाली, ‘आजोबांच्या लेंग्यात नाडी घालायला.’

आमच्याकडे नाडीचं टोक पेन्सिलीला गुंडाळून ती नेफ्यातून सरकवतात, आणि आजोबांचे हात थरथरतात म्हणून हल्ली हे काम नातीकडे असतं. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीने एका वस्तूचा दुसरा उपयोग स्वतः करून पाहिलेला, आणि तो नेमक्या वेळी आठवून सांगितलेला. काउन्सेलरच्या कागदावर उत्तर छापलेलं होतं, ‘लिहिण्यासाठी’. तिने फुली मारली. पुढे चौकोन-त्रिकोणांचे प्रश्न आले तेव्हा नात माशांकडे बघत होती. वीस मिनिटांत रंगीत अहवाल हातात आला. आयक्यू ११८, उजवा मेंदू प्रबळ, ‘गिफ्टेड होण्याची भरपूर क्षमता’, आणि ती क्षमता बाहेर काढायला वर्षभराचा कोर्स, फी तीन हप्त्यांत. बाहेर इतर आयांच्या हातातही तसेच अहवाल होते. दोघी-तिघींचे मी मागून पाहिले. क्षमता सगळ्यांचीच भरपूर निघाली होती.

यापेक्षा डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणारे ते ‘मिडब्रेन’ क्लासवाले बरे होते असं म्हणायची वेळ आली. नाकाच्या बाजूच्या फटीतून बघायचं असतं, हे निदान पोरांना तरी ठाऊक असायचं.

आता थोडं माझ्या विषयातलं. मी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकास शिकले. बुद्धिमापन ही थोतांड गोष्ट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, ज्यांना जास्तीची मदत लागेल अशी मुलं ओळखण्यासाठी. हुशार मुलं निवडून वेगळी काढायला ती वापरायची, हा उद्योग पुढचा. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली हीच चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ हे नाव आजही मानसतज्ज्ञांच्या दवाखान्यांत ऐकू येतं. म्हणजे मराठी मुलाला मराठीत प्रश्न विचारायची सोय नव्वद वर्षांपूर्वी झालेली आहे. ती चाचणी शिकलेल्या माणसाने, एका वेळी एका मुलावर, शांत खोलीत, मूल रुळल्यावर करायची असते. मूल माशांकडे बघत असेल तर आधी मासे बघू द्यायचे असतात. आणि एवढं सगळं रीतसर करूनही पाच-सहा वर्षांच्या आत आलेला आकडा पुढे बराच हलतो. तीन वर्षांच्या पोराचा आयक्यू सांगून कोणी हप्ते बांधून देत असेल तर ती ‘पी हळद आणि हो गोरी’ झाली.

आमच्याच शाखेत प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी ‘माणूस काढ’ ही चाचणी बसवली होती. तान्ह्या मुलांच्या वाढीची त्यांनी तयार केलेली मापंही बडोद्याच्याच मुलांवरची. आज या शहरात गल्लोगल्ली परदेशी नावाच्या चाचण्या विकल्या जातात, त्या शहरात हे काम झालेलं आहे, हे कितीजणांना माहीत आहे? त्या चाचणीत मुलासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवायची आणि एकच सांगायचं, माणूस काढ. घाई करायची नाही, चुकलं-बरोबर म्हणायचं नाही. चित्र सुंदर आहे का हेही बघायचं नाही. मान आहे का, हात खांद्यातून निघालेत की थेट डोक्यातून, बोटं आहेत का, कपडे आहेत का, असं मोजत जायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या माणसाला कान नव्हते, पण कमरेला तिकिटांची पिशवी होती. बाप एसटीत कंडक्टर.

समजा, या मुलांना मी आठवडाभर आधी बसवून घोकून घेतलं की बाळांनो, मान विसरायची नाही, बोटं पाचच काढायची, कान दोन्ही बाजूंना. गुण धडाधड वाढतील. पोरं आठवड्यात हुशार झाली का? नाही. माझी मोजपट्टी तेवढी मोडली. क्लासवाले जे विकतात ते हेच, आणि वर त्याला मेंदूचा विकास म्हणतात. आपण पालक पैसे देऊन आपल्याच मुलाची मोजपट्टी मोडून आणतो आणि मग आकडा भिंतीवर लावतो.

जाहिरातीत ‘परदेशी शाळांच्या गिफ्टेड प्रोग्राम’चा उल्लेख होता, त्याबद्दल मला थोडं आतून माहीत आहे. माझी लेक अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काऊंटीत राहते. नातू दुसरीत. तिथल्या सरकारी शाळांत हुशार मुलांसाठी तिसरीपासून पूर्णवेळ वेगळा वर्ग असतो. दुसरीत ‘कॉगॅट’ नावाची चाचणी होते. तिचा एक भाग शब्दांचा, एक आकड्यांचा, एक आकृत्यांचा. गुणांवरून काही मुलं आपसूक विचारात घेतली जातात, आणि ज्यांची नावं त्यात येत नाहीत त्यांचे आईबाप स्वतः अर्ज करू शकतात. शिक्षकांचं मत, मुलाच्या कामाचे नमुने, पालकांनी लिहिलेली माहिती, सगळी फाइल समितीपुढे जाते. नाकारलं तर अपील. अपिलासाठी शेकडो डॉलर मोजून खासगी मानसतज्ज्ञाकडून वेगळी चाचणी करून घेणारेही असतात. आपले लोक यात मागे नाहीत हे वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी एका रात्री, तिकडे सकाळ असताना, व्हिडिओ कॉलवर नातू सरावाचं पुस्तक घेऊन बसला होता. प्रश्न असा की कागदाची दोनदा घडी घातली, कोपऱ्यात भोक पाडलं, तर उलगडल्यावर भोकं किती आणि कुठे? माझ्या हाताशी किराण्याची यादी होती. मी तिची दोनदा घडी घातली, विणायच्या सुईने भोक पाडलं आणि उलगडून कॅमेऱ्यासमोर धरली. नातू ओरडला, ‘आजी, चीटिंग! कागद घ्यायचा नसतो, मनात करायचं असतं.’ मी म्हटलं, आधी हाताने कर, मनात आपोआप येईल. त्याने कागद घेतला, मग दुसरा घेतला, मग कात्री आणली. तासाभराने त्यांच्या घरात सगळीकडे कागदाच्या जाळ्या लोंबत होत्या आणि पुस्तकातला सराव तसाच राहिला होता. लेक माझ्यावर वैतागली. मला मात्र वाटलं, त्याला घडीचं गणित त्या जाळ्यांतच कळलं असणार.

त्याच आठवड्यात तिचा परत फोन. पालकांनी भरायची माहिती लिहायची होती. मुलाची कल्पकता, चिकाटी, पुढाकार, यांची उदाहरणं हवीत. ‘आई, हा लहानपणी काय विशेष करायचा गं? तू सहा महिने होतीस ना इथे.’ मला आठवलं ते सांगितलं, की त्याने नाकात वाटाणा घातला होता आणि तो काढायला दुसरा वाटाणा घातला होता. चिकाटीत बसतं का बघ. ते तिने लिहिलं नाही. सात वर्षांच्या मुलाचा पुढाकार म्हणजे काय, यावर दोन इंजिनिअर रात्री एकपर्यंत वाक्यं रचत बसले, एवढं मात्र मला जावयांनी सांगितलं.

लेकीला मी दोष देत नाही. ती म्हणते, ‘सगळे करतात, आपण नाही केलं तर याचंच नुकसान.’ तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही वाक्यं रचली असती. पण तिच्याच इमारतीत एल साल्वाडोरहून आलेलं एक कुटुंब आहे. आई रात्री ऑफिसांची साफसफाई करते. तिचा मुलगा नातवाच्याच वर्गात. दोघांनी मिळून कुणीतरी टाकून दिलेली सायकल दुरुस्त केली, म्हणजे त्या मुलाने केली आणि आमच्या नातवाने पाने धरले. त्या बाईला असा काही अर्ज असतो हे लेकीने सांगेपर्यंत ठाऊकच नव्हतं. मुलाला मात्र ब्रेकची तार कुठे अडकते ते बरोबर कळत होतं. दोन मुलांतला फरक काय, तर एकाच्या आईला शेवटची तारीख माहीत होती.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. डेव्हिड कार्ड हे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना २०२१ साली नोबेल मिळालं, त्यांनी लॉरा जुलियानो यांच्याबरोबर फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय विभागाचा अभ्यास केला आहे. तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलांची बुद्धिचाचणी व्हायची. मग २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांना शाळेतच एक आकृत्यांची छोटी चाचणी द्यायला सुरुवात झाली, आणि तिच्यात वर आलेल्यांना पुढची चाचणी. पात्रतेची अट सैल केली नव्हती, तीच ठेवली होती. एवढ्याने गरीब घरांतल्या मुलांचं गिफ्टेड वर्गातलं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं. कृष्णवर्णीय मुलांचं ८० टक्क्यांनी, हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या घरांतल्या मुलांचं १३० टक्क्यांनी. आधीच्या पद्धतीत मुलींचीही नावं कमी सुचवली जात होती असं त्यात दिसलं. मुलं तीच होती, शाळा त्याच होत्या, फक्त कुणी अर्ज करण्याची वाट बघितली नाही. पुढे पैशाची चणचण आली, सरसकट चाचणी थांबली, आणि प्रमाण पुन्हा घसरलं.

याच दोघांच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं आढळलं की आयक्यू १३० च्या वर म्हणून त्या वर्गात गेलेल्या मुलांच्या गुणांत त्या वर्गामुळे फारसा फरक पडला नाही. खरा फायदा झाला तो आयक्यूची अट हुकलेल्या पण अभ्यासात चांगल्या असलेल्या मुलांना, उरलेल्या जागांवर बसवलेल्यांना. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या आईबापांनी हे वाचलं तर त्यांना थोडी झोप लागेल.

न्यूयॉर्क शहराची तर आणखी तऱ्हा. तिथे चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन केजीच्या गिफ्टेड वर्गांत घेत. सगळ्या शहरात वर्षाला सुमारे अडीच हजार जागा, आणि त्यासाठी पोरांचे क्लास. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने त्या परीक्षेचं कंत्राट वाढवायला नकार दिला. त्यानंतर बालवाडीच्या शिक्षकांनी नावं सुचवायची आणि मग सोडत काढायची, असं सुरू झालं. आपल्याकडच्या जाहिरातींत मात्र ‘परदेशी धर्तीवर’ लहान मुलांच्या परीक्षा आत्ता कुठे अवतरताहेत. तिकडे काढून टाकलेलं सामान इकडे नवं म्हणून विकायची सवय जुनीच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग हुशार मुलांसाठी वेगळं काही नकोच का? हवं. वर्गात कंटाळून बाक कुरतडणारं हुशार पोर मी पाहिलेलं आहे. दोन मिनिटांत सगळं संपवून ते शेजारच्याला चिमटे काढतं आणि मग ‘वांड’ म्हणून त्याची बदनामी होते. पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती याच विचाराने. पण तिथली प्रशाला मुलांना पाचवीत घेते, दुपट्यात नव्हे. आणि निवडल्यावर खूप काही करून घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष कल असलेल्या मुलांना शिक्षकांनी जास्तीचं साहित्य द्यावं, विषयांची मंडळं चालवावीत असं म्हटलं आहे. मंडळ चालवायला शिक्षक लागतो, वेळ लागतो. अहवाल छापायला प्रिंटर पुरतो.

बडोदेकरांना निवडीची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायला नको. मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवल्यावर १८७५ साली जमनाबाई महाराणींनी दत्तक घेण्यासाठी नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणवली. इथे कशाला आलात असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, ‘राज्य करायला’ म्हणाला, अशी गोष्ट आपण सगळेच सांगतो. क्लासवाल्यांनी ती अजून जाहिरातीत कशी घेतली नाही याचं नवल वाटतं. पण त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हतं. आजच्या कुठल्याही चाचणीत तो पहिल्या पानावरच बाद झाला असता. त्या एका उत्तरानंतर सहा वर्षं एलियटसाहेबांसारखे शिक्षक त्याच्यामागे होते, म्हणून १८८१ मध्ये कारभार हाती घेणारे सयाजीराव तयार झाले. आणि त्यांनी केलं काय? आपल्यासारखी आणखी चार रत्नं शोधून आणा असा हुकूम काढला नाही. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मूल शाळेत आणण्याची जबाबदारी कायद्याने आली. हुशार कोण ते मागाहून कळेल, आधी सगळ्यांना वर्गात बसवा.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवते, कारण सुनेला आणि तिच्या मैत्रिणींना ती माहीत नव्हती. शिक्षण हक्क कायदा, २००९, याच्या कलम १३ प्रमाणे शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची कसलीही छाननी करता येत नाही. पहिल्यांदा तसं केलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तरी गेल्या वर्षी इथल्याच एका शाळेत पहिलीच्या प्रवेशाला आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याला ‘फक्त गप्पा मारायला’ बोलावलं होतं. गप्पांत बापाचं शिक्षण, आईचं इंग्रजी आणि गाडी कोणती, हे विषय निघाले. जोडप्याने तक्रार केली नाही. मूल त्याच शाळेत घालायचं होतं ना.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं त्या मुद्द्याकडे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत आहे. महिनाअखेर चार घरांचा पगार, त्यातले खाडे, मध्येच घेतलेली उचल, हा सगळा हिशेब ती पोरगी तोंडी करते, आणि तो चुकला तर मालकिणीचा चुकलेला असतो. ओल्ड पादरा रोडची मोफत चाचणी तिच्यासाठी नव्हती. तिच्यासाठी खरोखर असलेल्या दोन गोष्टी तिच्या आईला ठाऊक नव्हत्या. एक, जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा. दुसरी, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पाचवीच्या मुलांसाठी गुजरात सरकारने २०२३ पासून सुरू केलेली ज्ञानसेतू शिष्यवृत्तीची कॉमन एन्ट्रन्स टेस्ट. दोन्हींना फी नाही. बाई मला म्हणाल्या, ‘काकू, ते पैसेवाल्यांचं असतं ना?’

नवोदयचा फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. फॉर्म ऑनलाइनच, त्यात मुलीचा फोटो, आईबापांपैकी एकाची सही, मुलीची स्वतःची सही, आणि मुख्याध्यापकांनी भरून दिलेलं प्रमाणपत्र असं सगळं फोटो काढून चढवायचं. फाइल मोठी झाली की साइट घेत नाही. बाईंचा फोन जुना, माझे डोळे जुने. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने करून दिलं. मुलीला सही कशी करतात ते माहीत नव्हतं. तिने आधी माझ्या जुन्या डायरीत पानभर सराव केला आणि मग फॉर्मवर पूर्ण नाव, आडनावासकट, ठसठशीत देवनागरीत काढलं. आकार सांगितलेल्या चौकटीत मावेना म्हणून परत लिहायला लागलं.

बाईंना मी खोटी आशा लावलेली नाही. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मुलांना, आणि ते योग्यच आहे, कारण ती शाळा त्यांच्यासाठीच काढलेली आहे. शहरातल्या मुलीला उरलेल्या जागांत बसायचं. एक तृतीयांश जागा मुलींसाठी, हा तेवढाच दिलासा. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण आकृत्यांच्या प्रश्नांना, बाकीचे गणित आणि भाषेला. संधी एकदाच. हे सगळं ऐकून मुलीने एकच विचारलं, की वसतिगृहात टीव्ही असतो का.

तेव्हा माझी विनंती दोघांना आहे. आपल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने पाचवीतल्या मुलांचे हे फॉर्म पालकांच्या भरवशावर सोडू नयेत. शाळेत संगणक आहे, मुख्याध्यापकांचा शिक्का तिथेच आहे, जन्मतारखा रजिस्टरात आहेत. एका शनिवारी वर्गातल्या सगळ्यांचे भरून टाकावेत, हुशार-ढ न बघता. नवोदयचे फॉर्म शाळा सुरू झाल्यावर दीड-दोन महिने खुले असतात, घाईचं काम नाही.

दुसरी विनंती तुम्हाला. फॉर्म निघाले की पहिल्या पानावर एक चौकट द्या, आणि शेवटची तारीख जवळ आली की पुन्हा द्या. काय लिहायचं ते असं. मूल याच जिल्ह्यातल्या मान्य शाळेत पाचवीत शिकत असावं. शाळेकडून छापील नमुन्यात प्रमाणपत्र घ्यावं, फोटो आणि दोन्ही सह्या तयार ठेवाव्यात. परीक्षा मराठीसह बऱ्याच भाषांत होते आणि कोणत्या भाषेत द्यायची ते फॉर्ममध्येच निवडायचं असतं, तेव्हा ती ओळ सोडून पुढे जाऊ नये. कुणाला फॉर्म भरायला मदत हवी असेल तर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या दांडिया बाजारातल्या खोलीत संध्याकाळी पाच ते सात आम्ही काहीजण बसतो. येताना जन्मदाखला आणावा, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावं, कारण सही त्यांची लागते. चौकटीला जाहिरातीचा दर लागत असेल तर कळवा, मंडळाच्या वर्गणीतून देऊ.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे